कधी नव्हे तो पाऊस

२६ मे २०२५ला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. हवामान खात्याच्या वेळापत्रकात त्याची तारीख ११ जून. म्हणजे पाहुणे सोळा दिवस आधीच दारात आणि घरात अजून रंगकाम चालू. नव्या भुयारी मेट्रोच्या एका स्थानकात पाणी शिरलं, कुलाब्याला मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला, आणि जो तो म्हणू लागला : असा पाऊस कधी पाहिला नाही. हे वाक्य २००५च्या जुलैत मुंबईनंच म्हटलं होतं. २०१९च्या ऑगस्टात ते सांगली-कोल्हापूरनं म्हटलं, २०२१च्या जुलैत चिपळूण-महाडनं. आणि मुंबईतला तो मे सरून चार महिने होत नाहीत तोच, सप्टेंबरात, बीड-धाराशिव-सोलापूरकडून ते पुन्हा ऐकू आलं. वाक्य तेच, गावाचं नाव तेवढं बदलतं. कधी नव्हे ती गोष्ट दर दोन-तीन वर्षांनी होऊ लागली, तर ‘कधी नव्हे’ या शब्दांत शिल्लक काय राहतं? माझं म्हणणं असं आहे की हे आश्चर्य आता अज्ञानातून येत नाही. ती एक सवलत आहे, आपण स्वतःला आणि एकमेकांना दिलेली, आणि तिची मुदत संपून बराच काळ लोटला आहे.

हे म्हणणं तपासायचं तर समोर कुणी तरी हवं, म्हणून मी नानांना बसवलं आहे. नाना ही व्यक्ती नव्हे, बाजू आहे. पंचांग आणि पेपर दोन्ही वाचणारी, आकड्यांना न बिचकणारी, आणि उठसूट घाबरवणाऱ्यांचा मनापासून कंटाळा आलेली. ही बाजू अडाणी नाही. म्हणूनच तिच्याशी वाद घालायला मजा येते, आणि मध्येमध्ये हार मानावी लागते.

“अरे, कधी पाहिला नाही म्हणणाऱ्यांचं वय काय?” नाना सुरुवात करतात. “५ जुलै १९७४ला कुलाब्याला चोवीस तासांत ५७५ मिलिमीटर पडला होता. तेव्हा हवामानबदल हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. बहात्तरचा दुष्काळ विसरलात? दुर्गादेवीचा दुष्काळ तर बखरींच्याही आधीचा. आणि मे महिन्याचा विक्रम मोडला म्हणतोस, तो १९१८चा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही मे महिन्यात धो धो कोसळलाच होता की! आता साधा हिशेब कर. आपल्या राज्यात साडेतीनशेच्या वर तालुके. शंभर वर्षांत एकदा येणारा पाऊस प्रत्येक तालुक्याला शंभर वर्षांत एकदाच आला, तरी दर वर्षी तीन-चार तालुके त्यात सापडणारच. पूर्वी ती बातमी तालुक्याबाहेर जात नसे. आता अर्ध्या तासात सगळ्यांच्या मोबाइलवर. पाऊस वाढलेला नाही बाबा, बातम्या वाढल्यात.”

नानांचा हिशेब बरोबर आहे, आणि हवामानाबद्दल कळकळीनं बोलणाऱ्या पुष्कळांना तो येत नाही. एखादा पाऊस, मग तो कितीही भयंकर असो, एकट्याच्या बळावर काहीच सिद्ध करत नाही. २०२५चं ते लवकर येणंही मी पुरावा म्हणून मांडणार नाही, कारण मोसमी पावसाची तारीख पूर्वीपासून मागेपुढे होत आलेली आहे. मग करायचं काय, तर मोजायचं. ठिकठिकाणच्या केंद्रांवर सकाळी साडेआठ वाजता कुणी तरी पर्जन्यमापकाचं नरसाळं काढतं, आतल्या बाटलीतलं पाणी खुणा असलेल्या काचेच्या मापात ओततं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचतं आणि नोंदवहीत लिहितं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या याच पद्धतीनं चालत आलं आहे, आणि त्या बाटलीला व्हॉट्सअ‍ॅप येत नाही. बातम्या वाढल्या म्हणून तिच्यातलं पाणी वाढत नाही. या नोंदी घेऊन पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांचे सहकारी बसले. त्यांनी मध्य भारतातली १९५१ ते २००० अशी पन्नास वर्षं तपासली आणि २००६ साली निष्कर्ष छापला : एका दिवसात १०० मिलिमीटरहून जास्त पडण्याचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे दिवस घटले, आणि हंगामाची एकूण बेरीज जवळजवळ होती तिथंच राहिली. त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हा हिशेब पुढे नेला. मध्य भारतात मोठा प्रदेश व्यापणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्याचं त्यांना आढळलं, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोंढ्यांतले वाढते चढउतार दिसले. नाना, तुमच्या तीन-चार तालुक्यांच्या हिशेबात एक गृहीत आहे. शंभरात एक ही शक्यता कायम राहते, हे ते गृहीत. ती कायम राहिली नाही, असं या नोंदवह्या सांगतात.

आता बातम्या आणि आठवण यांच्याबद्दल. माणसाला हवेचं आश्चर्य किती दिवस वाटतं हेही मोजून झालं आहे. फ्रान्सिस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोन अब्जांहून अधिक ट्वीट चाळून २०१९ साली दाखवलं की लोक आजच्या हवेची तुलना आजोबांच्या काळाशी करत नाहीत. साधारण मागच्या दोन ते आठ वर्षांशी करतात. तीच विचित्र हवा चार-पाच वर्षं सलग आली की तिच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त बोचते. लोक हवेबद्दल बोलायचे थांबले तरी त्यांच्या लिहिण्यातला वैताग कमी झाला नव्हता. म्हणजे त्रास तसाच राहिला, तो कशाचा आहे हे तेवढं विसरलं गेलं. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली आपल्याच क्षेत्रातल्या लोकांबद्दल असंच नोंदवलं होतं : प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हा समुद्रात जेवढे मासे होते तेवढेच मुळात असतात असं धरून चालते. नाना, चौऱ्याहत्तरचा पाऊस तुमच्या लक्षात राहिला, कारण तो एका दिवसात कोसळला. त्या वर्षीच्या वैशाखात पंख्याशिवाय झोप लागायची का, हे विचारलं तर तुम्ही विचारात पडाल. २०२४ हे वर्ष देशात १९०१पासूनच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण ठरलं. त्यावर चहाच्या टपरीवर कितीशी चर्चा झाली? एका दिवसाच्या धक्क्यानं आश्चर्य ओरडत उठतं आणि चाळीस वर्षांच्या चढावर गाढ झोपतं. अशा मापानं साधं दूधसुद्धा कुणी मोजून घेणार नाही.

“बरं, मोजलं. मग तूच आत्ता म्हणालास की बेरीज आहे तिथंच आहे,” नाना लगेच पकडतात. “सरासरी भरली की नाही? भरली. मग रडायचं कशाला? आपल्या पूर्वजांना पावसाचे सगळे रंग माहीत होते. वळीव, झड, ओढ, परतीचा, हत्तीचा. एवढी नावं उगाच पडली का? पाऊस लहरीच असतो.”

नावं पडली ती लहर ओळखण्यासाठी पडली हे खरं, पण त्या नावांना क्रमही होता. वळीव मृगाच्या आधी, झड आषाढ-श्रावणात, हत्तीचा पाऊस हस्तात. शेतकऱ्याचं सगळं गणित त्या क्रमावर उभं. सरासरी भरली की नाही हे पावसाळ्याच्या शेवटी पुण्यात बसून सांगता येतं. शेतातली गोष्ट वेगळी असते. सोयाबीनचं घ्या. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो. तेवढा पाऊस होतो, पेरणी होते, बी उगवतं. मग ऑगस्टात तीन आठवड्यांचा खंड पडतो. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा गेला. फुलं गळतात, शेंगा कमी धरतात. उरलेल्या शेंगा पिकून काढणीला येतात तोच सप्टेंबरअखेर पाऊस ठाण मांडतो. शेतात पाय ठेवता येत नाही, आणि उभ्या झाडावर शेंगेतल्या शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. बाजारात त्या मालाला कुणी हात लावत नाही. या शेताची पावसाची बेरीज शंभर टक्के भरलेली असू शकते. २०१९ साली देशभरात जून ३३ टक्के तुटीचा गेला आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला. कागदावर उत्तम वर्ष, आणि त्याच वर्षी सांगलीत रस्त्यांवरून होड्या फिरल्या. त्याआधी तीनच वर्षं, २०१६च्या एप्रिलात, याच सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून तहानलेल्या लातूरला रेल्वेनं पाणी पाठवलं गेलं होतं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. सरासरी काढायला बसलात तर ही दोन्ही वर्षं एकमेकांची भरपाई करतात. माणसांच्या बाबतीत तसं होत नाही. आणि नावांचं म्हणाल, तर ‘अवकाळी’ हे एके काळी विशेषण होतं, पुढे पाऊस हा शब्द लागायचा. आता ‘अवकाळीनं झोडपलं’ एवढं पुरतं. अपवादाला स्वतःचं नाम मिळालं, ही काही लहरीपणाची खूण नव्हे.

कोरडं आणि ओलं अशी दोन्ही टोकं एकाच कारणानं कशी वाढतात हे पुष्कळांना कोडं वाटतं, आणि शंकेखोरांना ती लबाडी वाटते. पण दोरीवरचे कपडे पाहा. उन्हाळ्यात ते पटकन वाळतात, कारण गरम हवा ओल जास्त ओढते आणि जास्त धरून ठेवते. तापमान १ अंशानं वाढलं की हवेची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हे भौतिकशास्त्र एकोणिसाव्या शतकातलं आहे. पाऊस नसतो तेव्हा हीच हवा जमिनीतली, पिकातली, तलावातली ओल अधिक शोषते, आणि पडायची वेळ आली की तिच्याकडे टाकायला साठा जास्त असतो. पृथ्वीचा पृष्ठभाग २०११ ते २०२० या दशकात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत सुमारे १.१ अंशानं तापलेला होता. पश्चिम हिंदी महासागर, म्हणजे आपल्या पावसाची घागर, गेल्या शतकभरात १ अंशाहून अधिक तापला. खंडही लांबावा आणि सरही जाड व्हावी, यात चमत्कार काहीच नाही.

“तुमच्या शास्त्रज्ञांना परवाचा पाऊस सांगता येत नाही, आणि पन्नास वर्षांनंतरचं सांगतात!” हा नानांचा आवडता टोला. टाळी हमखास मिळते, पण टोल्यात दम नाही. एलआयसीला विचारा, नाना पुढच्या मंगळवारी असतील का? ती सांगू शकणार नाही. तुमच्या वयाच्या एक लाख माणसांचे किती दावे येतील हे मात्र तिला इतकं नेमकं ठाऊक असतं की त्यावर तिचा धंदा चालतो. परवाचा पाऊस हा एका माणसाचा प्रश्न आहे, हवामान हा लाखाचा. आणि लाखाचं भाकीत करून बराच काळ झाला. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब हातानं मांडला. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ साली संगणकावर तो नीट करून दाखवला, आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट निघाली : या वायूमुळे खालची हवा तापेल, पण वरचा स्थितांबराचा थर थंड होईल. सूर्यच जास्त आग ओकत असता तर दोन्ही थर तापले असते. पुढच्या दशकांत उपग्रह आणि फुग्यांनी मोजलं तेव्हा खाली ऊब आणि वर गारवाच सापडला. मनाबे यांना २०२१ साली नोबेल मिळालं. १९५८ साली हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो ४२०च्या वर आहे. भाकीत आधी आणि मोजमाप नंतर, या क्रमानं हे घडलं. आश्चर्यचकित व्हायला उशीर झाला, म्हणतो ते यासाठी.

इथपर्यंत नाना हसत हसत ऐकून घेतात. मग ते असा एक मुद्दा काढतात की त्याच्यापुढे आधीचे सगळे सराव सामने वाटावेत.

“चल, मानलं सगळं. पण सव्वीस जुलैला मुंबई बुडाली ती कार्बन डायऑक्साइडमुळे? मिठी नदीचं गटार कुणी केलं? खारफुटीवर भराव कुणी टाकला? सांगलीत नदीच्या पात्रात बंगले कुणी बांधू दिले? तुझा हवामानबदल आला आणि या सगळ्यांची सुटका झाली. पूर्वी अधिकारी म्हणायचे, दैवी आपत्ती. आता म्हणतात, वैश्विक तापमानवाढ. शब्द इंग्रजी शाळेतला झाला, कामचुकारपणा तोच राहिला. तू विज्ञानाच्या नावानं त्यांनाच संरक्षण देतो आहेस.”

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि यापुढचं सगळं तो मान्य करूनच लिहितो आहे. ‘ढगफुटीसदृश पाऊस’ हा शब्द कुठून आला बघा. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे लहानशा भागात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त. तेवढा पाऊस झालेला नसतो आणि पाणी तर दुकानात शिरलेलं असतं, म्हणून ‘सदृश’. गाळानं भरलेला ओढा तेवढ्या तीन अक्षरांत दिसेनासा होतो. २००५चाच हिशेब करू. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला त्याच वेळात ७३. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १० मीटर लांब, १० मीटर रुंद अशी एका इमारतीची गच्ची घेतली तर तिच्यावर त्या दिवशी ९४ हजार लिटर पाणी पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर आणि वर थोडं. एका गच्चीवर. इतक्या पाण्यापुढे कुठलंही शहर हतबल झालंच असतं, हे खरं. पण मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली होती, तीही समुद्राला ओहोटी असेल आणि पडलेल्या पाण्यातलं अर्धं जमीन पिऊन घेईल या हिशेबानं. डांबर आणि काँक्रीट पाणी पीत नाहीत. ही क्षमता दुप्पट करा, तासाला ५० मिलिमीटर करा, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ सालीच तयार होता. पाणी आलं २००५ला. मधल्या बारा वर्षांना अस्मानी म्हणायचं की सुलतानी?

आपल्या भाषेनं संकटांची ही दोन खाती फार पूर्वी पाडून ठेवली. अस्मानीत राजाचा दोष नाही, त्यानं सारा माफ करावा. सुलतानीत दोष त्याचाच. मराठी माणसाचं आश्चर्य या दोन खात्यांच्या मधल्या भिंतीला टेकून उभं आहे : ‘कधी नव्हे तो पाऊस’ म्हटलं की प्रसंग आपोआप पहिल्या खात्यात जमा होतो. नाना, तुम्हांला वाटतं हवामानबदल म्हटल्यानंही तेच होतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जी गोष्ट १९६७ साली गणितात होती, २००६ साली आपल्याच पुण्यातल्या संस्थेनं आपल्याच नोंदवह्यांतून काढून दाखवली, तिला अकल्पित म्हणण्याचा हक्क २०१९ साली कुणालाच उरलेला नव्हता. नेत्यांना नव्हता, अभियंत्यांना नव्हता, पूररेषेत स्वस्त फ्लॅट शोधणाऱ्यांनाही नव्हता. जोराचा पाऊस वाढणार हे माहीत असताना पात्रात भराव टाकू देणं ही आधीच्यापेक्षा मोठी चूक ठरते. हवामानबदलाचं ज्ञान सुटका करत नाही, आरोप पक्का करतं. सांगलीच्या पुरानंतर अलमट्टी धरणाकडे बोटं गेली. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं मात्र अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. पाऊस आणि नदीकाठची अतिक्रमणं या दोन्हींकडे तिनं लक्ष वेधलं. दोन्हींकडे, हे महत्त्वाचं. कारण त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

तो गुणाकार कसा, ते पाहू. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ला दरडी कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं अंदाज काढला की त्या दिवसाचा पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाला. यावर नाना लगेच म्हणतील, “म्हणजे नव्वद टक्के तर पडणारच होता!” होता. पण नदी टक्क्यांनी घरात येत नाही, काठ ओलांडून येते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ४३पर्यंतचं पाणी नदीचं, त्यापुढचं प्रत्येक बोट लोकांच्या घरातलं. २०१९च्या ऑगस्टात ते ५५ फुटांवर गेलं. काठोकाठ भरलेल्या हंड्यात एक तांब्या ओतला तर हंड्यात एक तांब्याच वाढला असं कुणी म्हणत नाही, कारण तो सगळा तांब्या जमिनीवर असतो. आणि पात्र अतिक्रमणानं अरुंद केलं असेल तर हंडाच लहान केलेला असतो.

“मग आम्ही काय करायचं? धूर सोडला अमेरिकेनं आणि युरोपनं, आणि शहाणपण शिकायचं सांगलीनं?” नानांच्या या रागाशी मी भांडणार नाही. सरासरी अमेरिकी माणूस वर्षाला आपल्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि साचलेल्या धुरातला मोठा वाटा त्यांचाच आहे. त्याचा जाब दिल्लीनं जगात जिथं मागायचा तिथं मागावा, मोठ्यानं मागावा. नाल्याची रुंदी मात्र त्या वाटाघाटींवर अवलंबून ठेवता येत नाही.

खरी गोष्ट शेवटी दोन रंगीत रेषांशी येऊन थांबते. जलसंपदा विभाग नदीकाठच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची. ‘शंभर वर्षांत एकदा’ याचा अर्थ बहुतेक लोक असा घेतात की २०१९ला येऊन गेला, आता २११९ची वाट पाहू. कोल्हापूरला दोनच वर्षं वाट पाहावी लागली. खरा अर्थ एवढाच की दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि निळ्या रेषेवर शंभरात चार. शंभरात चार ऐकायला किरकोळ वाटतं. पण निळ्या रेषेवर घर घेऊन २० वर्षांचं कर्ज काढणाऱ्याच्या घरात हप्ते संपायच्या आत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. बँक त्याचं उत्पन्न तपासते, पगाराच्या पावत्या तपासते. नदीनं काय मंजूर केलं आहे हे कुणी विचारत नाही. आणि हा हिशेबही जुन्या पावसावर काढलेला. ज्या वर्षांच्या नोंदी घेऊन या रेषा आखतात ती वर्षं पुन्हा येणार नाहीत. तासाला २५ मिलिमीटरचं जे झालं तेच रेषांचं होतं आहे : आखताना त्या बरोबर असतात, आणि शाई वाळेपर्यंत मागे पडतात.

“मग नवी रेषा कुठल्या वर्षांवरून आखायची? पुढची वर्षं तर कुणी मोजलेली नाहीत,” नाना विचारतात, आणि या वेळी आवाजात टोला नाही.

जुन्या नोंदी टाकून द्यायच्या नाहीत, त्या पाया आहेत. पण त्यांच्यावर तापत्या हवेची भर धरायची, ती किती धरायची यावर तज्ज्ञांना भांडू द्यायचं, शंका असेल तिथं रेषा नदीपासून लांबच्या बाजूला सरकवायची, आणि दर दहा वर्षांनी नकाशा पुन्हा काढायचा. रंग वाळला म्हणून जपून ठेवायची ती वस्तू नव्हे. यात न समजण्यासारखं काहीच नाही.

“समजलं रे,” नाना म्हणतात. “आणि ती रेषा माझ्या सातबाऱ्यावरून गेली तर?”

तर, नाना, तुमच्या जमिनीचा भाव उतरेल, तुम्ही हरकत घ्याल, तुमचा पुतण्या नगरसेवकाला गाठेल, आणि रेषा थोडी अलीकडे आणता येते का, याची चाचपणी सुरू होईल. मोबदला किती, तो कुणी द्यायचा आणि तुम्हांला दुसरीकडे कुठली जागा द्यायची, हे ठरवायला वर्षं जातील. आपण सकाळपासून ज्याला आकाशाचा वाद म्हणत होतो तो हाच आहे, आणि तो पाऊस नसतानाच्या महिन्यांत, नगरपालिकेच्या सभेत घालायचा आहे.

नाना चष्मा पुसतात. “हरकत मी घेणारच,” ते म्हणतात. “पण नकाशा आण एकदा. बघू तरी कुठून जाते.”